टोपी राहू द्या, आधी हूड बघा

पदवीदानाच्या फोटोत बघणाऱ्याची नजर आधी चौकोनी टोपीवर जाते. पण गाउन, हूड आणि टोपी या तिघांत सगळ्यात कमी बोलणारी तीच. पदवी पहिली की वरची, हे मूळ पद्धतीत गाउनच्या बाहीवरून कळतं. शाखा कुठली आणि विद्यापीठ कुठलं, हे हूडच्या रंगांवरून. हूड म्हणजे गळ्यातून मागं सोडलेलं रंगीत अस्तराचं कापड. तो असतो पाठीवर आणि फोटो निघतो समोरून, त्यामुळे घरोघरच्या फ्रेममध्ये नेमकी कामाची गोष्ट झाकलेली राहते.

आपल्या सीमाभागात तर ती दिसायलाच हवी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या मराठी घरात भिंतीवर पदवीचे चार फोटो असले तर चार वेगळी विद्यापीठं असू शकतात. लिंगराज कॉलेज १९३३ साली निघालं तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि पदवी मुंबई विद्यापीठाची मिळायची. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं, १९५० साली धारवाडला आलं, आणि पुढची बरीच वर्षं इथल्या बी.ए., बी.कॉम.वाल्यांच्या प्रमाणपत्रावर धारवाड राहिलं. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. इंजिनिअरिंगला १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ (व्हीटीयू), डॉक्टरकीला केएलई विद्यापीठ, आणि घरातलं कुणी एम.ए.ला कोल्हापूरला गेलं असेल तर शिवाजी विद्यापीठ. काळ्या गाउनात हे सगळे लांबून सारखेच दिसतात.

हा वेष मुळात विद्यार्थ्याचा नव्हेच, मास्तरांचा आहे. बाराव्या-तेराव्या शतकात बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथं विद्यापीठं आकाराला आली. उत्तरेकडे तरी शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक चर्चशी बांधलेले होते. दगडी इमारती गार, ऊब फारशी नाही, म्हणून अंगात पायघोळ झगा आणि डोक्यावर टोपरं. १२२२ साली कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी ऑक्सफर्डच्या धर्मसभेत धर्मसेवकांसाठी ‘काप्पा क्लाउसा’ हा पुढून बंद असलेला झगा ठरवून दिला. पुढे गावातल्या लोकांचे कपडे बदलत गेले, विद्यापीठातला झगा मात्र नियमात अडकून जागच्या जागी राहिला. ऑक्सफर्डच्या १६३६ च्या लॉडियन नियमावलीत तर कुणी काय घालायचं हे लिहूनच ठेवलं गेलं.

पदवी म्हणजे त्या काळी शिकवणाऱ्यांच्या संघात घेतल्याची खूण. ‘मास्टर’ झाला म्हणजे शिकवायला मोकळा झाला. म्हणून पदवी आणि वेषबदल एकत्र आले. ऑक्सफर्डमध्ये आजही विद्यार्थी समारंभाला आधीच्या वेषात येतो, पदवी दिली की बाहेर जातो आणि नव्या पदवीचा गाउन-हूड घालून पुन्हा आत येतो. आपल्याकडे सकाळी भाड्याच्या काउंटरवरच सगळे पदवीधर होऊन सभागृहात शिरतात.

भारतीय परंपरेत याच्या अगदी उलट चाल होती. गृह्यसूत्रांतला समावर्तन विधी बघा. अभ्यास संपला की स्नान, मग कमरेची मेखला, हातातला दंड, अंगावरचं अजिन (मृगचर्म) उतरवायचं. त्यानंतर नवी वस्त्रं, पागोटं, छत्री, जोडे, डोळ्यांत काजळ, समोर आरसा. म्हणजे तिथं शिष्याचा वेष काढून गृहस्थाचा वेष द्यायचा. युरोपात शिष्याला गुरूचा वेष चढवायचा. व्यासपीठावरून तैत्तिरीय उपनिषदातलं ‘सत्यं वद, धर्मं चर’ ऐकायचं आणि ऐकणाऱ्याच्या अंगात इंग्रजी झगा, ही सांगड आपल्याकडे १८५७ नंतरची. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली. मुंबईचे पहिले बी.ए. १८६२ सालचे, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्याच तुकडीतले. लंडनचा नमुना घेतला म्हणजे वेषाची कल्पनाही तिकडचीच आली, आणि याचा संबंध थेट हूडच्या रंगाशी आहे.

हूड कसा वाचायचा

पूर्ण हूडचे तीन भाग. डोकं झाकणारं टोपरं, खांद्यावर पसरणारी झूल आणि टोपऱ्याच्या टोकाला लोंबणारी शेपटी. लहान बाळाची कुंची मोठ्या माणसाच्या मापाची करून डोक्यावरून मागं टाकली तर जे दिसेल, तेच. केंब्रिज आणि लंडनचा हूड असा भरदार असतो. ऑक्सफर्डच्या साध्या नमुन्यात झूल गळाली, फक्त टोपरं आणि शेपटी उरली. आपल्याकडे भाड्यानं मिळतो तो बहुतेक वेळा याहून रोडावलेला: गळ्यात पट्टा आणि पाठीवर टोक. त्यात डोकं घालायला जागाच नसते.

महत्त्वाचं काय, तर अस्तर. हूड पाठीवर टाकला की त्याची आतली बाजू उलटून बाहेर येते, म्हणून ओळख अस्तरात ठेवली गेली. ऑक्सफर्डच्या बी.ए.ला काळ्या हूडला पांढरी फर, एम.ए.ला किरमिजी रेशमी अस्तर. केंब्रिजच्या एम.ए.ला पांढरं रेशीम. खालच्या पदवीला फर आणि वरच्या पदवीला रेशीम, हे आज उलटं वाटेल. पण मेंढ्या-सशांची कातडी ही थंड मुलखात साध्या माणसाची वस्तू होती, रेशीम विकत आणावं लागायचं. डॉक्टरेटला लाल का, याचंही उत्तर पैशातच आहे: किरमिजी किड्यांपासून रंगवलेलं लोकरी कापड सगळ्यात महाग.

लंडन विद्यापीठानं शाखेनुसार रंग ठरवले. कला शाखेला तांबूस तपकिरी, विज्ञानाला सोनेरी, कायद्याला निळा, वैद्यकाला जांभळा. म्हणजे लंडनच्या घराण्यात अस्तर शाखा सांगतं. अमेरिकेत १८९५ साली वेगळी नियमावली झाली. तिथं हूडच्या काठाची मखमल शाखा सांगते आणि आतलं रेशमी अस्तर विद्यापीठाचे रंग दाखवतं. वैद्यकाला हिरवी मखमल, कायद्याला जांभळी, कलेला पांढरी. मखमलीची रुंदी पदवीप्रमाणे २, ३ आणि ५ इंच, आणि हूडची लांबी ३ फूट, साडेतीन फूट, ४ फूट.

दोन घराण्यांतला हा फरक ठाऊक नसला की घोळ होतो. इंटरनेटवर रंगांचा तक्ता शोधला तर समोर येतो तो जवळजवळ नेहमी अमेरिकेचा. तो बघून एखादी कॉलेज समिती कायद्याच्या मुलांसाठी जांभळे हूड शिवून घेते. लंडनच्या हिशेबानं ते डॉक्टर झाले. भारतीय विद्यापीठाचा हूड कसा असावा हे ठरवतं ते त्या विद्यापीठाचं परिपत्रक. कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या कन्नड परिपत्रकात समारंभाला ‘घटिकोत्सव’ म्हणतात. संकेतस्थळावर त्या नावानं शोधलं तर कागद लवकर हाती लागतो. कापडाच्या दुकानात जायच्या आधी तो कागद हातात हवा. रंगाचं नुसतं नाव पुरत नाही, कारण ‘निळा’ म्हटल्यावर बेळगावच्या खडे बाजारात दहा निळे काढून दाखवतात. आधीचा मंजूर हूड किंवा त्याचा कपटा घेऊन जावं आणि रंग दुकानाच्या बाहेर, दिवसाच्या उजेडात जुळवावा. ट्यूबलाइटखाली किरमिजी आणि तपकिरी एकमेकांत मिसळतात.

गाउन शिवून घ्यायचा असेल तर

विद्यार्थ्यानं एका दिवसासाठी शिवून घेण्यात अर्थ नाही. प्राध्यापकांना मात्र दरवर्षी मिरवणुकीत चालायचं असतं. त्यांनी एकदाच नीट शिवून घ्यावा.

माप घ्यायचं ते मानेच्या मणक्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत. साडेपाच फूट उंचीला साधारण ४५-४६ इंच येतं. घोट्यापर्यंत नेला तर व्यासपीठाच्या पायरीवर पाय अडकतो. ४४ इंच पन्ह्याचं कापड साडेपाच ते सहा मीटर लागतं, ५८ इंच पन्ह्याचं सव्वाचार ते साडेचार. हा आकडा ऐकून शिंपी म्हणतो, इतकं कशाला, साडेतीनात बसवतो. बसतंही, पण मग पाठीचा घेर जातो, आणि गाउनचं सगळं देखणेपण पाठीच्या चुण्यांत आहे.

पाठीला दीड ते दोन पन्हे कापड घ्यायचं आणि ते १५-१६ इंचांच्या योकला (खांद्यावरच्या पट्टीला) जोडायचं. इथं मशीनच्या चुण्या चालत नाहीत. त्या चपट्या होतात आणि खांद्याखाली फुगा येतो. हातानं धावदोऱ्याच्या तीन समांतर ओळी घालायच्या, टाके पाव इंचाचे आणि तिन्ही ओळींत अगदी एकाखाली एक. मग तिन्ही दोरे एकदम ओढायचे. कापड उभ्या नळ्यांसारखं गोळा होतं. प्रत्येक नळीचं टोक योकच्या काठाला हातशिलाईनं टाचायचं. वेळखाऊ काम आहे, मजुरी त्याचीच द्यायची असते.

योकमध्ये कॅनव्हास हवाच. सगळं वजन पाठीमागं असल्यामुळे मऊ योकचा गाउन सारखा मागं सरकतो आणि पुढच्या कडा गळ्याशी चढतात. पुढच्या दोन्ही कडांना आतून तीन इंचांची पट्टी आणि हलकं बक्रम (कडक अस्तर) दिलं की त्या सरळ पडतात.

बाही पदवीप्रमाणे. बी.ए.ची उघडी, रुंद. लंडन पद्धतीत कोपराजवळ दोरी-बटणानं वर घेतलेली. एम.ए.ची लांब बंद नळी. हात निघतो तो कोपराजवळच्या आडव्या चिरेतून आणि उरलेली बाही खाली लोंबते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकच बाही देतात. असो.

हूडला वरचं कापड आणि अस्तर प्रत्येकी सव्वा मीटर पुरतं. दोन्ही एकाच दिशेनं कापायची. कापड वाचवायला अस्तर आडवं कापलं की महिनाभरात हूड पिळवटतो, आणि तो मग कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही.

कायद्याच्या मुलांसाठी एक सूचना. कोर्टाचा गाउन वेगळा. बार कौन्सिलच्या नियमानुसार तो सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात सक्तीचा, खालच्या कोर्टात ऐच्छिक. त्याला हूड नसतो. काळा आहे म्हणून पदवीदानाला तोच चढवू नये.

अंगावर चढवताना

क्रम असा: गाउन, हूड, शेवटी टोपी. गाउनचा योक खांद्यावर बसवून मागचा घेर सारखा करायचा. हूड डोक्यावरून घालायचा, अरुंद बाजू पुढं गळ्याशी. मग मागं उभ्या असलेल्या माणसानं कडा उलटून अस्तराचा रंग बाहेर काढायचा. हे स्वतःचं स्वतःला जमत नाही, आणि न केल्यास हूड नुसता काळा दिसतो.

नव्वद टक्के वैताग येतो तो हूड मागं ओढला जाऊन गळ्याला फास बसल्यासारखा होण्याचा. यासाठीच गळपट्टीला पुढून छोटी लूप असते. ती शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणात अडकवायची. टाय लावला असेल तर टायच्या मागं. बहुतेक मुलं ती लूप उगाच लोंबणारी दोरी समजून आत कोंबतात. साडी किंवा कुर्त्याला बटण नसतं. तिथं लूप सेफ्टी पिननं ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या आतल्या पट्टीला लावायची. पिन रेशमी पदराला कधी लावू नये, हूडच्या वजनानं भोक मोठं होतं. शिवाय दोन्ही खांद्यांवर हूड आतून गाउनलाच एकेक पिन मारून ठेवला तर चालताना हलत नाही.

इरकल किंवा कुठलीही जड साडी असेल तर पदराच्या निऱ्या घट्ट घालून खांद्यावर पिन करायच्या. मोकळा सोडलेला पदर गाउनच्या बाहीत गोळा होतो आणि प्रमाणपत्र घ्यायला हात पुढं केला की बाहेर येतो. अंबाडा मानेशी, खाली. उंच अंबाड्यानं टोपी कपाळावर ढकलली जाते. गजरा टोपीच्या खाली चालेल, टोपीच्या आत नाही.

भाड्याचा गाउन घड्या पडलेलाच मिळतो. पॉलिएस्टरवर गरम इस्त्री थेट फिरवली की काळ्या कापडावर चकचकीत डाग उठतो आणि तो जात नाही. उलट्या बाजूनं, वर ओला पंचा टाकून, मंद इस्त्री. पावसाळ्यात समारंभ असला तर गाउन आणि हूड पिशवीतून न्यायचे, तिथं जाऊन घालायचे. बेळगावच्या पावसात भिजलेल्या हूडचा रंग पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर उतरतो.

टोपीबद्दल थोडक्यात. युरोपातल्या धर्मगुरूंच्या चारकोनी टोपीची ती वंशज. वरची कडक चौकट नंतर आली. केंब्रिजचे पदवीपूर्व विद्यार्थी गोल टोपी घालत. १७६९ साली अर्ज करून त्यांनी चौकोनी मिळवली. घालताना चौकट जमिनीला समांतर हवी, इलॅस्टिक मागं, पुढची कड भुवईच्या वर बोटभर. मागं कललेली टोपी फोटोत पाटीसारखी उभी दिसते. गोंडा उजवीकडून डावीकडे नेण्याची पद्धत अमेरिकेची. तुमच्या विद्यापीठानं सांगितलं तरच करायची. टोप्या हवेत फेकण्याचा प्रकार १९१२ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीत सुरू झाला. त्या मुलांना अधिकाऱ्याच्या नव्या टोप्या मिळाल्या होत्या, जुन्यांचं काम संपलं होतं. आपल्या टोपीवर डिपॉझिट असतं, आणि तिच्या कोपऱ्यांना पुठ्ठा असतो, जो खाली येताना कुणाच्या तरी डोळ्याकडे येतो.

झगा नको असेल तर

इंग्रजी झगा ठेवावा की नाही, हा वाद जुना आहे. २०१० साली भोपाळच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाउन उतरवला. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) विद्यापीठांना समारंभाचा पोशाख हातमागाच्या कापडाचा वापरायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं आपल्या संस्थांना काळा झगा-टोपी सोडून स्थानिक परंपरेतला वेष ठरवायला सांगितलं. शांतिनिकेतनात तर पदवीबरोबर सप्तपर्णीची पानं देतात.

झगा काढणं सोपं आहे. डोक्यावर काय घालायचं, इथं गाडी अडते. पुणे विद्यापीठात २०१९ साली पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून समारंभातच घोषणा झाल्या. बेळगावात सत्काराला म्हैसुरी पेटा आणला की कुणाच्या कपाळाला आठी, कोल्हापुरी फेटा आणला की दुसऱ्या कुणाच्या. माझं मत विचाराल तर डोकं मोकळं ठेवावं. टोपीनं पूर्वीही काही सांगितलं नव्हतं.

खांद्यावर उपरणं किंवा शेला द्यायचा असेल तर हूडचं काम त्याच्याकडून करून घ्यावं. सगळ्यांना एकच सोनेरी काठाचं उपरणं दिलं की ते हळदीकुंकवाच्या आहेरासारखं होतं, त्यातून पदवी कळत नाही. काठ शाखेच्या रंगाचा आणि त्याची रुंदी पदवीप्रमाणे, दोन-तीन-पाच इंच, असं ठरवता येईल. काठाचं गणित शहापूर-वडगावच्या विणकरांना शिकवावं लागत नाही. धूपछाव विणायला सांगितलं तर ताण्याचा (उभ्या धाग्याचा) रंग विद्यापीठाचा आणि बाण्याचा (आडव्या धाग्याचा) शाखेचा, असं एकाच कापडात दोन्ही बसतं. मात्र यूजीसीच्या सूचनेत शब्द हातमाग आहे. यंत्रमागावरचं कापड त्यात बसत नाही, आणि इथले बरेचसे माग आता यंत्राचेच. ऑर्डर देताना हँडलूम मार्क असलेलं कापड मागावं आणि बिलावर तसं लिहून घ्यावं.

दुसरा पर्याय बेळगावजवळच्या हुदली गावच्या खादीचा. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसची उभारणी करणारे गंगाधरराव देशपांडे हुदलीचे, आणि तिथलं खादीचं काम त्यांच्या काळापासूनचं. गाउनला खादी वापरायची तर थोडं जाड कापड घ्यावं, पातळ खादीच्या चुण्या उभ्या राहत नाहीत. खादी आटते, म्हणून मापापेक्षा अर्धा मीटर जास्त घ्यायची आणि कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायची. काळी असेल तर पहिली दोन-तीन पाणी रंग सुटतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, आणि पांढऱ्या अस्तराच्या हूडशी जोड लावायची ती त्यानंतरच.